चार उड्डाणांचं विमान

ट्राम एल्बेचा पूल ओलांडून उत्तरेच्या चढाला लागली, की एकदा मागे वळून ड्रेस्डेन शहराकडे पाहून घ्या. आज 30 एप्रिल 1958. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यांत जे जळालं त्यातलं फार थोडं पुन्हा उभं राहिलं आहे. फ्राउएनकिर्श या मोठ्या चर्चच्या जागी काळवंडलेल्या दगडांचा ढीग आहे. त्सविंगर राजवाड्यावर गवंड्यांचं काम चालू आहे. सोव्हिएत रशियाने परत केलेली चित्रं संग्रहालयात मांडून अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. तुमच्या खिशात रेशनकार्ड आहे. मांस, साखर, लोणी अजून कार्डावरच मिळतं. ही कार्डं आणखी एका महिन्याने बंद होणार आहेत, पण ते तुम्हाला आज ठाऊक नाही.

ट्राममध्ये सगळे ओळखीचे आहेत. फिटर, रिव्हेट मारणारे, आराखडे काढणाऱ्या मुली, हिशेबनीस. सगळे आज नेहमीपेक्षा नीट कपडे करून आले आहेत. हाइडचं जंगल संपतं, क्लोत्शे येतं, आणि झाडांच्या वर कारखान्याच्या हॉलची छपरं दिसू लागतात. 1935 मध्ये इथे विमानतळ झाला, पुढे तो लष्कराकडे गेला. आता इथे ड्रेस्डेनचा सरकारी विमान कारखाना आहे. पूर्व जर्मनीच्या विमान उद्योगात आज सुमारे 25,000 माणसं आहेत आणि त्यांच्यातले हजारो या माळावर रोज येतात. तुम्ही त्यांच्यातलेच एक आहात. तुमचं काम धडाच्या पत्र्याला रिव्हेट मारायचं.

हॉलचे दरवाजे सरकतात. ते विमान बाहेर ओढलं जातं तेव्हा टाळ्या वाजायला क्षणभर उशीरच होतो, कारण सगळे आधी नुसते पाहत राहतात. त्याचे भाग तुम्ही रोज पाहिले आहेत. संपूर्ण विमान एकदम, उघड्या आकाशाखाली, आज पहिल्यांदाच दिसतं आहे. लांबी 31 मीटरहून जास्त. पंख धडाच्या माथ्याशी जोडलेले आणि मागे झुकलेले. पंखांखाली दोन कवचं आणि प्रत्येक कवचात दोन अशी चार जेट इंजिनं. नाव म्हणावं तर फक्त आकडा: 152. जर्मनीत बांधलेलं हे पहिलं प्रवासी जेट विमान आहे. पश्चिम जर्मनीकडे आज असं काही नाही, आणि ही गोष्ट व्यासपीठावरचे पुढारी पुन्हा पुन्हा सांगतात. भाषणं लांबतात. तुमचं लक्ष मात्र धडाच्या डाव्या अंगावरच्या एका ओळीकडे आहे. तिथले रिव्हेट तुमचे आहेत.

आता त्या विमानाचं नाक जरा नीट पाहा. ते काचेचं आहे. प्रवासी विमानाला काचेचं नाक कशाला? आणि चाकं बघा. पोटाखाली एकामागे एक, सायकलच्या चाकांसारखी, आणि पंखांच्या टोकांना तोल सावरायला दोन छोटी चाकं. शेजारी उभा असलेला वयस्क मिस्त्री तुमची नजर ओळखतो. "अरे, ते बॉम्बरचं आहे," तो हळूच म्हणतो. "व्होल्गाकाठी आम्ही जे बांधलं, त्याचंच हे भावंड."

त्याच्या मागोमाग बारा वर्षं मागे चला. 22 ऑक्टोबर 1946, पहाट. जर्मनीच्या सोव्हिएत ताब्यातल्या भागात घराघरांवर थाप पडते. दारात सैनिक आणि दुभाषा. डेसाऊच्या युंकर्स कारखान्यातल्या अभियंत्यांना, फिटरांना, त्यांच्या बायकामुलांना, कपाटं आणि पलंगांसकट आगगाडीत चढवलं जातं. "किती दिवसांसाठी?" याचं उत्तर कोणी देत नाही. त्यांना मॉस्कोच्या उत्तरेला, व्होल्गाकाठच्या पोद्बेरेझ्ये गावी नेलं जातं. तिथे ब्रुनोल्फ बाडे नावाच्या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली ते एक जेट बॉम्बर बांधतात. ते उडतं, पण वायुदल ते घेत नाही. दिवस जातात, मुलं रशियन शाळेत वाढतात. 1954 पर्यंत बहुतेक जण परत येतात. येताना बाडे यांच्या डोक्यात एक कल्पना आहे: बॉम्बर कोणाला नको असेल तर त्याचा देह घेऊन प्रवासी विमान करू. व्यासपीठाच्या कडेला उभे असलेले, चौपन्न वर्षांचे, भरदार अंगाचे ते गृहस्थ म्हणजेच बाडे.

ज्यांनी हे विमान बांधलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. युद्धात हरलेल्या, परक्या देशात आठ वर्षं नेऊन ठेवलेल्या, भाजलेल्या शहरात परत आलेल्या या माणसांनी चार वर्षांत जेट विमान उभं केलं. त्यासाठी मिश्रधातूचा पत्रा लागतो, रबर लागतं, काच लागते, हजारो छोट्या वस्तू लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच या देशात कोणी कधी बनवल्याच नव्हत्या. एल्बेच्या वरच्या अंगाला पिर्ना गाव आहे. तिथे या विमानासाठी खास इंजिन तयार होतं आहे. ते अजून झालेलं नाही, म्हणून आज पंखांखाली जी इंजिनं आहेत ती सोव्हिएत आहेत, मिग-19 या लढाऊ विमानातली.

विमान बनवणारे आहेत, तर वापरणारे कोण? माळाच्या पलीकडच्या अंगाला पंख्यांची दोन इंजिनं असलेलं एक इल्युशिन-14 उभं आहे. तेही इथलंच. सोव्हिएत परवान्यावर या कारखान्याने अशी 80 विमानं बांधायला घेतली आहेत. त्याच्या अंगावर लुफ्तहान्सा लिहिलेलं आहे. पूर्व जर्मनीने 1955 मध्ये स्वतःची विमान कंपनी काढली आणि तिला जुनंच नाव दिलं, डॉइच लुफ्तहान्सा. पश्चिमेलाही त्याच नावाची कंपनी आहे. दोन देश, दोन कंपन्या, नाव एक. गेल्या उन्हाळ्यापासून या पूर्वेकडच्या कंपनीने देशांतर्गत फेऱ्या सुरू केल्या आहेत: बर्लिन, ड्रेस्डेन, लाइप्झिग, एअरफुर्ट, आणि बाल्टिक समुद्राजवळचं बार्थ.

एकदा बसून पाहा. क्लोत्शेहून बर्लिनला निघालेल्या इल्युशिनमध्ये पंचवीस-तीस माणसं कशीबशी मावतात. चाकं सुटेपर्यंत इंजिनांची थरथर दातांत जाणवते. खाली जंगल, मग लाउझित्सची सपाट शेतं, कोळशाच्या खाणींचे उघडे खड्डे. रेल्वेने हाच प्रवास काही तासांचा. इथे डबा उघडून पाव संपवेपर्यंत बर्लिन येतं. शेजारच्या खिडकीशी कारखान्याचे एक अधिकारी बसले आहेत, मांडीवर कागदांची पेटी. पलीकडे एक बाई, समुद्रावर सुट्टीला निघालेली, मुलाचा हात घट्ट धरून. हा देश मुंबईपासून नागपूरपर्यंतच्या अंतरातही सहज मावेल. इतक्या छोट्या देशाला देशांतर्गत विमानसेवा लागते का, हा प्रश्न आज कोणी विचारत नाही. उद्या या मार्गावर 152 उडेल, 57 ते 72 प्रवासी घेऊन, ताशी 800 किलोमीटरने, हे मात्र सगळे विचारतात. "कधी?"

पहिलं उत्तर 4 डिसेंबर 1958 ला मिळतं. सकाळची पाळी चालू आहे, पण आज लेथ कोणी लावलेलं नाही. तुम्ही हॉलच्या कडेला, बाहेर थंडीत. वैमानिक विली लेमान. सोबत कुर्ट बेमे आणि पाउल हेअरलिंग. 11 वाजून 18 मिनिटांनी चाकं जमीन सोडतात. ज्यांनी कधी आपल्या हातची वस्तू हवेत जाताना पाहिली नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. विमान 35 मिनिटं वर राहतं आणि परत येऊन उतरतं. तुमच्या शेजारचा मिस्त्री टोपी काढून हातात धरतो आणि काही बोलत नाही. त्या रात्री क्लोत्शेच्या खानावळींत बिअर संपते.

मग तीन महिने जातात.

मार्च 1959. लाइप्झिगचा वसंत मेळा भरला आहे आणि सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह तिथे येणार आहेत. त्यांच्यासमोर 152 ने आकाशातून जावं, अशी इच्छा वरपासून खालपर्यंत सगळ्यांची आहे. आजवर हे विमान एकूण 35 मिनिटं उडलं आहे. कोणत्याही चाचणी-वैमानिकाला विचारा, दुसऱ्या उड्डाणात तो काय करेल. सावकाश एकेक गोष्ट तपासेल. 4 मार्चच्या त्या दुसऱ्या उड्डाणात मात्र विमानतळावरून खालून, वेगाने जाण्याचा सरावही ठरलेला आहे.

तुम्ही आज कारखान्यात नाही. ओटेनडोर्फ-ओक्रिला इथे, विमानतळापासून काही किलोमीटरवर, तुमच्या मेव्हण्याच्या शेताकडे आला आहात. दुपारचे दोन वाजायला आले आहेत. जमीन अजून ओली आहे, नांगर बाहेर काढायची वेळ नाही. वरून आवाज येतो. तुम्हाला तो ओळखायला मान वर करावी लागत नाही. मग तो आवाज बदलतो. इंजिनाचा आवाज रोज ऐकणाऱ्या माणसाला त्यातला फरक पोटात कळतो. विमान उतरतं आहे, फार उभ्या कोनात, आणि फार खाली आलं आहे. पुढचं तुम्ही पाहता, आणि आयुष्यभर कोणाला सांगत नाही.

विली लेमान, कुर्ट बेमे, पाउल हेअरलिंग, गेओर्ग आयस्मान. चौघेही गेले. उड्डाणाला पंचावन्न मिनिटांच्या आसपास झाली होती.

शेतात आधी पोचतात शेतकरी, मग अग्निशमन दल, मग गणवेशातली माणसं. दोरी बांधली जाते. "घरी जा," तुम्हाला सांगितलं जातं, "काही पाहिलं नाही असं समजा." तुम्ही म्हणता, मी त्याच कारखान्यात काम करतो. "मग तर अजिबात पाहिलं नाही." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अपघाताची छोटी बातमी आणि शोकसंदेश असतो. कारण काय, याचा तपास गुप्त. तपासणाऱ्यांच्या मागे गुप्त पोलिसांची नजर. कारखान्यात घातपाताची कुजबुज सुरू होते, मग कोणाकोणाला बोलावून नेलं जातं, आणि मग जेवणाच्या सुट्टीत कोणी त्याबद्दल बोलत नाही.

इथे मला थांबायचं आहे, कारण माझ्या मते त्या विमानाचा शेवट शेतात झाला नाही, या गप्प बसण्यात झाला.

काही वर्षं आधीची गोष्ट आठवा. ब्रिटनचं कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान 1952 मध्ये सेवेत आलं. 2 मे 1953 ला त्यातलं एक कलकत्त्याहून दिल्लीला निघालं आणि काही मिनिटांत वादळात तुटून पडलं. विमानात 43 माणसं होती, कोणी वाचलं नाही. जानेवारी आणि एप्रिल 1954 मध्ये आणखी दोन कॉमेट विमानं भूमध्य समुद्रात पडली. ब्रिटनने त्यांचं उड्डाण थांबवलं, फार्नबरो इथे एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या आत पाण्याने दाब पुन्हा पुन्हा चढवला आणि उतरवला, शेवटी धड कुठून फाटतं ते शोधलं. मग लंडनमध्ये उघड चौकशी झाली. सगळ्या जगाने ती वाचली. जेट विमानाची खिडकी कशी असावी, पत्रा किती ताण सहन करतो, हे त्यातून बोइंगलाही कळलं आणि सोव्हिएत अभियंत्यांनाही. ज्या कारखान्याची विमानं पडली त्याच्या नावाला डाग लागला, पण प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्या उघडेपणाने थोडा सुरक्षित झाला.

क्लोत्शेमध्ये अभियंते तेवढेच हुशार होते. ते स्वतः काम सोडत नाहीत. काचेचं नाक जातं. एकामागे एक असलेली चाकं जातात. त्या रचनेत उड्डाणाच्या वेळी विमानाला नाक वर उचलणंही अवघड होतं आणि उतरताना वैमानिकाला चुकायला जागा नव्हती. आता चाकं इंजिनांच्या कवचांत, दोन बाजूंना. पिर्नाची स्वतःची इंजिनं अखेर तयार होतात. 26 ऑगस्ट 1960 ला नवं विमान उडतं. 4 सप्टेंबरला पुन्हा. तुम्ही दोन्ही वेळा बाहेर उभे असता, पण आता टोपी काढायला कोणी विसरत नाही, आणि हे अभिमानाने नसतं.

मग ते थांबतं. जमिनीवरच्या चाचणीत कळतं की विमान फार उभ्या कोनात खाली झुकलं की टाकीतलं इंधन नळाच्या तोंडापासून दूर सरकतं आणि इंजिनांना पोचत नाही. तुम्हाला त्या दुपारच्या शेतातला बदललेला आवाज आठवतो. तो दोष दुरुस्त करता येण्यासारखा आहे. रबरी टाक्या, पंप, वाटा. त्याला वेळ लागेल, आणि त्या वेळेसाठी उघडपणे सांगावं लागेल की चौघे कशामुळे गेले असावेत. तो कागद कुलपात जातो.

पैसाही संपत चालला आहे. सुरुवातीला सोव्हिएत रशिया ही विमानं घेईल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण तुपोलेव्हची स्वतःची जेट विमानं तिकडे 1956 पासून उडत आहेत, आणि नवी येत आहेत. मॉस्कोला ड्रेस्डेनचं विमान का हवं असेल? पश्चिमेत त्याला कोणी प्रमाणपत्र देणार नाही. उरली ती देशाची स्वतःची छोटी विमान कंपनी, तिला लागतील मोजकी विमानं. मोजक्या विमानांसाठी हजारो माणसांचा कारखाना कसा चालेल, हा साधा हिशेब 1955 मध्येही करता आला असता. तो केला गेला असता तरी कदाचित त्यांनी विमान बांधलंच असतं. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही मोह आवरला नसता.

फेब्रुवारी 1961 च्या अखेरीला बर्लिनमध्ये पक्षाचं पॉलिटब्युरो विमान उद्योग बंद करायचं ठरवतं. मार्चमध्ये ते तुम्हाला कळतं. तुम्ही हॉलमध्ये उभे आहात, आणि मागे रांगेने अर्धवट सांगाडे आहेत, प्रत्येकावर नंबर. तिसरं विमान उडायला तयार झालेलं आहे. ते कधी उडणार नाही. पुढच्या आठवड्यांत हॉलमध्ये आवाज पुन्हा येऊ लागतो, पण हा पत्रा कापण्याचा आहे. जे हात जोडत होते त्यांनाच तोडायला सांगितलं जातं. आराखड्यांची कपाटं रिकामी केली जातात. तुमच्या मागच्या टेबलावरचा आराखडाकार मे महिन्यात एका सकाळी कामावर येत नाही. तो पश्चिमेला गेला, एवढंच कळतं. बरेच जण जातात. 13 ऑगस्टला बर्लिनमध्ये भिंत उभी राहते आणि मग जाणं संपतं.

त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं, तेही पाहून या. जून 1961, बंगळूर. दुसरे एक जर्मन अभियंता, कुर्ट टांक, 1956 पासून हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये काम करत आहेत. 17 जूनला त्यांनी आणि भारतीय अभियंत्यांनी मिळून केलेलं मारुत लढाऊ विमान पहिल्यांदा उडतं. वैमानिक सुरंजन दास. त्यालाही शेवटपर्यंत हवं तसं इंजिन मिळालं नाही. एक काळ असा आला की इजिप्तमध्ये तयार होणारं इंजिन मारुतला बसवायचं ठरत होतं, आणि ते करणारे फर्डिनांड ब्रांडनर हेही रशियाला नेलेल्या अभियंत्यांपैकीच. युद्धानंतर पांगलेली ही माणसं व्होल्गाकाठी, एल्बेकाठी, नाईलकाठी, बंगळूरला विमानं बांधत होती. मारुत वायुदलात दाखल झालं, 1971 च्या युद्धात लढलं. क्लोत्शेच्या विमानाला तेवढीही संधी मिळाली नाही. बाडे यांना क्लोत्शेमध्येच हलक्या बांधणीवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं प्रमुखपद दिलं गेलं. 1969 मध्ये ते वारले.

विमान गेलं, कंपनी राहिली. नावाचा वाद सुटता सुटेना. पश्चिमेची लुफ्तहान्सा परदेशी न्यायालयांत आणि कार्यालयांत जाऊन नावावर हक्क सांगत राहिली. म्हणून 1963 मध्ये पूर्वेची लुफ्तहान्सा गुंडाळली गेली आणि तिची विमानं, माणसं, मार्ग इंटरफ्लुगकडे आले. इंटरफ्लुग 1958 मध्येच, अशा वेळेसाठी म्हणून बाजूला स्थापन करून ठेवलेली होती. तिची मोठी प्रवासी विमानं आता सोव्हिएत.

1970 च्या दशकातल्या एका जुलैत क्लोत्शेला या. तुमचे केस पिकले आहेत. तुम्ही आता त्याच माळावर सैन्याच्या मिग विमानांची दुरुस्ती करता, त्याच हॉलमध्ये. आज मात्र सुट्टी आहे. नातवंडं पहिल्यांदा विमानात बसणार आहेत. समोर इंटरफ्लुगचं लाल-पांढरं विमान. काळ्या समुद्रावर, बल्गेरियाच्या किनाऱ्यावर निघालेली कुटुंबं रांगेत. सामानात पोहण्याचे कपडे आणि सॉसेज. देशाबाहेर जायला वाट फार कमी ठिकाणांकडे आहे, म्हणून ती सुट्टी माणसं वर्षभर मनात घोळवतात. हीच इंटरफ्लुग शेतांवर औषधही फवारते, तिच्या छोट्या विमानांचा एक वेगळा विभागच आहे, आणि सॅक्सनीतल्या कितीतरी मुलांनी पहिलं विमान पाहिलं ते बटाट्याच्या शेतावरून खालून जाणारं. तुम्ही नातवाला खिडकीजवळ बसवता. विमान पळू लागतं तेव्हा तो ओरडतो. तुम्ही पंखाच्या मुळाशी असलेल्या रिव्हेटांची ओळ पाहता, नकळत मोजता. सोव्हिएत काम. चांगलं आहे.

देशांतर्गत फेऱ्या एकेक करून कमी होतात. तेल महागलं आहे. मॉस्कोही आता पूर्वीच्या भावाने देत नाही. एप्रिल 1980 मध्ये शेवटची देशांतर्गत सेवा बंद होते. योगायोगाने पुढच्याच वर्षी, 1981 मध्ये, आपल्याकडे छोट्या गावांना जोडायला वायुदूत सुरू झाली. छोट्या विमान कंपन्यांची जात जगभर अशीच आहे: मार्ग लोकांना हवे असतात, तिकिटाने खर्च निघत नाही, आणि सरकारचा हात निघाला की फेरी थांबते.

1989 च्या शरद ऋतूत ड्रेस्डेनच्या स्टेशनाबाहेर माणसं जमतात, मग रोज जमतात. भिंत पडते. ऑक्टोबर 1990 मध्ये तुमचा देशच उरत नाही. इंटरफ्लुगकडे तेव्हा तीन कोरी एअरबस ए-310 विमानं आहेत, 1989 मध्ये घेतलेली. पश्चिमेची लुफ्तहान्सा कंपनीत हिस्सा घेऊ पाहते, मक्तेदारी-विरोधी कार्यालय हरकत घेतं. ब्रिटिश एअरवेजही चौकशी करते. सरकारी मालमत्ता विकणारी ट्रॉयहांड ही संस्था फेब्रुवारी 1991 मध्ये ठरवते: बंद. सुमारे तीन हजार माणसांच्या नोकऱ्या. त्या तीन एअरबस संघराज्य जर्मनीच्या वायुदलाने घेतल्या, त्यातल्या एकीचं नाव पुढे कोनराड आडेनाउअर ठेवलं, आणि पश्चिम जर्मनीच्या पहिल्या चान्सेलरच्या नावाचं ते विमान पुढची कित्येक वर्षं नव्या देशाच्या नेत्यांना घेऊन उडत राहिलं.

शेवटची फेरी 30 एप्रिल 1991 ची. तुपोलेव्ह-134, बर्लिन ते व्हिएन्ना आणि परत. तारीख पुन्हा वाचा. हॉलचा दरवाजा सरकला होता, तोही 30 एप्रिलच होता. मध्ये तेहतीस वर्षं. तुम्ही आता निवृत्त आहात आणि रेडिओवर ऐकता.

आता आणखी थोडं पुढे, 1995. लाउझित्समध्ये, पोलंडच्या सीमेजवळ रोथेनबुर्गचा लष्करी तळ. तिथे एका कोपऱ्यात एक धड पडलेलं असतं, पंख नाहीत, इंजिनं नाहीत, वर्षानुवर्षं इतर कामांसाठी वापरलेलं. नंबर 011. जोडणी-रांगेत होतं तेव्हाच तोडण्यातून सुटलं आणि शेडसारखं उपयोगी पडलं. ते ड्रेस्डेनला परत आणलं जातं. क्लोत्शेतला कारखाना आता एल्बे फ्लुगत्सॉयगवेअरके या नावाने चालतो, एअरबस प्रवासी विमानांचं मालवाहू विमानांत रूपांतर करतो. म्हातारे कामगार डागडुजी करायला येतात. तुम्हीही जाता. डाव्या बाजूच्या त्या ओळीवरून हात फिरवता. हा तुमचा सांगाडा नाही, 011 तुम्ही जोडलं नव्हतं. पण अंतर तेच, माप तेच. शिकवलेल्या हाताला ते कळतं.

आणि मग एके दिवशी, अभिलेखागारं उघडल्यावर, तुमच्या हातात एक कागद येतो. तपास अहवालातली पानं. त्यात उतरण्याचा कोन, इंधन, टाक्या, वेळ. कोणी घातपात केला नव्हता. बोलावून नेलेल्या माणसांनी काही केलं नव्हतं. आता ते विमानप्रेमींच्या पुस्तकांत छापलेलं आहे. 1959 मध्येच ते हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं असतं, तर कदाचित पुढचं विमान टाकी बदलून आलं असतं. विली लेमान यांच्या घरच्यांनाही कळलं असतं की दोष वैमानिकाच्या हातात होता, की टाकीत.

तुम्ही आज, या काळात, ड्रेस्डेनला विमानाने आलात, तर विमानतळाच्या इमारतीचं छत वर पाहा. 2001 मध्ये हे टर्मिनल जुन्या विमान कारखान्याच्याच एका हॉलमध्ये बांधलं गेलं. जवळपास सेमीकंडक्टरचे कारखाने आहेत आणि तिथे आपल्याकडची तरुण माणसंही काम करतात. त्यांच्यातलं कोणी भेटलं तर विचारा, चाचणीत दोष सापडला की तो कागद कोणाकडे जातो, आणि तो वाचायची परवानगी किती जणांना असते.